ईदचा चांद मुलांच्या हातून

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्तारून.)



मला विषय दिला होता ‘सण आणि शिक्षण’. विषय फार मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. म्हणून त्यातला एक छोटासा तुकडाच मी उचलला. रमजानच्या शेवटच्या रविवारी आम्ही मुलांचा हस्तकलेचा मेळावा भरवतो. मुले जमतात, कागद कापतात, ईदची शुभेच्छापत्रे, चांद-तारे, कंदील आणि ईदीची पाकिटे तयार करतात, आणि शेवटी सगळे मिळून रोजा सोडतात. हा मेळावा कसा भरवावा, एवढेच मी सांगणार आहे. हेतू असा की आपणही आपल्या मोहल्ल्यात, वाडीत, नाहीतर घराच्या ओटीवर तो भरवावा. त्याला मोठा हॉल लागत नाही की देणगीदार लागत नाही. लागते ती एक सतरंजी, थोडा कागद, आणि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याची तयारी. ती गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तीतून कळली. ती चूक आधी सांगतो.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. ईद जवळ आली होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘ईद शुभेच्छापत्र स्पर्धा. साहित्य प्रत्येकाने घरून आणावे. पहिल्या तिघांना बक्षिसे.’ मला वाटत होते, आपण मुलांसाठी काहीतरी चांगले करीत आहोत. स्पर्धेच्या दिवशी काही मुलांच्या पिशव्यांतून घोटीव कागद निघाले, चमकी निघाली, रंगीत पेने आणि चिकटवायच्या तयार चांदण्या निघाल्या. काहींच्या पिशवीत जुन्या वहीची पाने होती. काही मुले आलीच नाहीत. सहावीच्या त्या वर्गात त्या दिवशी सात-आठ मुलांना एकाएकी ताप आला होता! एक मुलगा दाराशी उभा होता. मी म्हटले, ‘आत ये.’ तो म्हणाला, ‘नको सर, मी आपला बघतो.’ मी घाईत होतो. ‘बरं, बघ,’ म्हणालो आणि पुढे गेलो. ज्या पत्राला पहिले बक्षीस दिले ते त्या मुलाच्या थोरल्या बहिणीने करून दिले होते, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

वर्ष संपताना वह्या तपासत होतो. दाराशी उभ्या राहिलेल्या त्या मुलाच्या गणिताच्या वहीत एक पत्र सापडले. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्याने आठ टोकांची चांदणी कोरून काढली होती. बहुधा दाढीच्या पात्याने. मागून वहीच्या लाल पुठ्ठ्याचा तुकडा लावला होता, त्यामुळे चांदणी लाल दिसत होती. खाली लिहिले होते, ‘ईद मुबारक सर.’ म्हणजे पत्र माझ्यासाठी होते. तो ते घेऊन आला होता आणि इतरांच्या पिशव्या पाहून त्याने ते बाहेर काढलेच नसावे. मी पट्टी लावून पाहिले. आठही टोके सारखी होती. याच मुलाला मी भूमितीत काठावरचे गुण दिले होते.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याच्या आईने दाखला नेलेला होता. कामधंद्यासाठी ते कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेले. ‘तुझे पत्र मिळाले,’ एवढे सांगायचे राहून गेले. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

त्या मुलाच्या हाती कसब होते, बुद्धी होती, मनात माझ्याविषयी माया होती. नव्हता तो फक्त विकतचा कागद. आणि मी ‘घरून आणावे’ असे दोन शब्द लिहून त्या कागदावर त्याची ईद तोलली. सण सगळ्यांचा, पण त्यात शिरायला मी तिकीट ठेवले होते.

वाचकहो, ही गोष्ट आपल्या धर्माने आपल्याला फार पूर्वी सांगून ठेवली आहे. ईदुल फित्रला आपण फित्रा देतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या मुलामागेही तो काढायचा असतो. आणि तो केव्हा द्यायचा? ईदच्या नमाजाला जाण्यापूर्वी. नमाजानंतर दिला तर ते साधे दान ठरते. या वेळेला अर्थ आहे. गरिबाच्या घरी चूल पेटल्यावर त्याने ईदगाहवर यावे, आपल्यासारखेच यावे. सण होऊन गेल्यावर उरलेसुरले त्याच्या दारी जाऊ नये. दरवर्षी फित्रा देऊनही ही साधी गोष्ट मला शाळेत आठवली नाही. तेव्हापासून मेळाव्याचा पहिला नियम आम्ही हाच केला. साहित्य आधी, सगळ्यांना, सारखे.

त्या एका नियमातून बाकीचे नियम आपोआप निघाले. कोणीही घरून काही आणायचे नाही. हौसेने आणलेच तर ते सर्वांच्या ढिगात टाकायचे. नंबर नाहीत, बक्षिसे नाहीत. प्रत्येक मुलाने दोन वस्तू करायच्या, एक आपल्या घरासाठी आणि एक दुसऱ्या कोणासाठी. मोठ्या माणसांनी मुलांच्या हातातली कात्री घेऊन ‘थांब, मी नीट करून देतो’ म्हणायचे नाही. हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत कठीण, असा माझा अनुभव आहे. वाकडा चांद मुलाला चालतो, तो आपल्यालाच चालत नाही.

आता तयारी सांगतो. चाळीस मुले धरू या. पाच-पाच मुलांचे आठ गट करावेत. प्रत्येक गटात लहान-मोठी मुले मिसळावीत आणि आठवी-नववीतला एक मुलगा किंवा मुलगी प्रमुख नेमावी. गटामागे दोन कात्र्या, एक कंपास, एक पट्टी, पाच पेन्सिली आणि खळीची एक वाटी एवढे पुरते. सात वर्षांखालच्या मुलांना कात्री देऊ नये, त्यांनी कागद फाडून चिकटवावा; फाडलेल्या कागदाची कड कापलेल्यापेक्षा सुंदर दिसते, हे त्यांना सांगावे. सात ते दहाच्या मुलांना बोथट टोकाची कात्री द्यावी. पाते असलेले काम एकाच जागी, मोठ्या माणसासमोर व्हावे. मुलगे आणि मुली यांची कामे वेगळी करू नयेत. आमच्याकडे मुली कंपास धरतात आणि मुलगे सुईदोऱ्याने माळा ओवतात. शेवटी झाडू दोघांच्याही हाती असतो.

कागद कोठून आणावा? थोडा विकत घ्यावा लागतोच, घोटीव आणि पतंगी. पण निम्म्याहून अधिक कागद घराघरांत पडलेला असतो. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची जाड पाने, सदऱ्याच्या खोक्यातला पुठ्ठा, वह्यांची उरलेली कोरी पाने, आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिकांबाबत एक काळजी घ्यावी. आपल्या पत्रिकांवर बिस्मिल्लाह असते, आयत असते. शेजाऱ्यांच्या पत्रिकांवर गणपती असतो. असा भाग मोठ्या माणसांनी आधीच वेगळा काढून आदराने ठेवावा, कोणाचेही पवित्र अक्षर किंवा चित्र मुलांच्या कात्रीखाली येऊ देऊ नये. हे काम मुलांदेखत करावे. एकाही शब्दाचे व्याख्यान न देता मुले त्यातून पुष्कळ शिकतात.

डिंकाच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा आणि चार वाट्या उकळत्या पाण्यात हळूहळू ओतून ढवळत राहावे. मिश्रण दाट आणि किंचित पारदर्शक झाले की खळ तयार. बुक-बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते. मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये. ताजी खळ करावी, त्याच दिवशी वापरावी, उरली तर टाकावी.

मुले बसली, साहित्य वाटले, की कामाला लागण्यापूर्वी मी पाच मिनिटे कागदाचीच गोष्ट सांगतो. ‘कागद’ हा आपला रोजचा मराठी शब्द फारसीतून आला. कलम, दौत, शाई या शब्दांचीही वाट तीच. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. तेथे पिढ्यान्पिढ्या हातकागद होत आला. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्या लोकांबरोबर आपले पूर्वज आले, असे तेथले कारागीर सांगतात. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे. हे कागदी लोक मुसलमान कारागीर. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा पाण्यात कालवून चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा, ताव वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, असे ते काम. ‘घोटीव कागद’ म्हणताना आपण त्या घोटण्याचेच नाव घेतो. मुलांना हे ऐकून नवल वाटते. ज्या मुलाचे वडील सुतारकाम करतात, ज्याचा बाप होडीवर जातो, त्याने हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव सणाच्या दिवशी, शिक्षकाच्या तोंडून आदराने ऐकावे, एवढ्यासाठी मी ही गोष्ट सांगतो.

आता प्रत्यक्ष वस्तू. पहिली वस्तू चांद. कंपासने सहा सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्याच्या मध्यापासून दोन सेंटिमीटर बाजूला खूण करून तेथून पाच सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढावे. दोन वर्तुळांमध्ये राहिलेली कोर कापली की चांद झाला. मध्यभागी त्याची जाडी तीन सेंटिमीटर येते. ती तीनच का आली, हे मोठ्या मुलांना विचारावे. सहात दोन मिळवून त्यातून पाच वजा केले की उत्तर मिळते. लहान मुलांना कंपास नको. डब्याचे मोठे झाकण आणि त्याहून थोडे लहान झाकण पुरे.

पण चांद कापून झाला म्हणजे काम संपले नाही. तो लावायचा कसा? बाजारातल्या पुष्कळ पत्रांवर कोरीची फुगीर बाजू डावीकडे दाखवलेली असते. तसा चंद्र आपल्याला महिन्याच्या अखेरीस, पहाटे पूर्वेला दिसतो. ईदचा चांद सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसतो आणि त्याची उजळ बाजू मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली व उजवीकडे असते. मार्च-एप्रिलच्या सुमारास तर आपल्याकडून ही कोर जवळजवळ आडवी, पाण्यावरच्या होडीसारखी दिसते. २०२४ साली आपल्याकडे ईद ११ एप्रिलला झाली, २०२५ साली ३१ मार्चला. चांद्रवर्ष सौरवर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरसाल मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. तेव्हा मुलांना सांगावे, चांद आज चिकटवू नका. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी उघड्यावर जाऊन पश्चिमेकडे पाहा. दिसला तर जसा दिसेल तसा लावा. त्या दिवशी नाही दिसला तर तीस रोजे पुरे करून दुसऱ्या दिवशी पाहा. कापलेली कोर हवी तशी फिरवता येते, त्यामुळे चूक दुरुस्त करायला कागद वाया जात नाही. गेल्या काही वर्षांत चांद पाहायला जमणाऱ्या मुलांची गर्दी आमच्याकडे वाढली आहे. पूर्वी मोबाइलवर बातमी आली की मुले उड्या मारीत. आता ती म्हणतात, ‘सर, खरा बघायचाय, पत्रावर लावायचाय.’

दुसरी वस्तू आठ टोकांची चांदणी. दोन सारखे चौरस घ्यावेत. प्रत्येकाची कर्णावर दोनदा घडी घालून मध्यबिंदू काढावा. एक चौरस सरळ ठेवावा, दुसरा त्याच मध्यावर पंचेचाळीस अंशांनी फिरवून चिकटवावा. कोनमापक लागत नाही. वरच्या चौरसाचे टोक खालच्या चौरसाच्या बाजूच्या बरोबर मध्यावर आले की पंचेचाळीस अंश झाले. हीच चांदणी जगभरच्या मशिदींच्या नक्षीत, जाळ्यांत, फरशांवर दिसते. काटकोनाचे निम्मे म्हणजे काय, हे वर्गात तीन तासिकांत जे कळत नाही ते येथे दहा मिनिटांत कळते. याशिवाय कंपास न बदलता वर्तुळाच्या परिघावर सहा वेळा फिरवून सहा पाकळ्यांचे फूल काढता येते. ते मुलींना आणि मुलांना सारखेच आवडते. आपल्या परंपरेत अक्षरे, वेली आणि भूमिती यांची नक्षी इतकी समृद्ध आहे की प्राण्यांची चित्रे काढावीत की नाही, या वादात शिरण्याची आम्हाला गरजच पडत नाही.

तिसरी वस्तू कंदील. आयताकृती जाड कागद लांबीत दुमडावा. घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर चिरा द्याव्यात, समोरच्या कडेला दोन बोटे जागा सोडावी. कागद उलगडून नळीसारखा गोल चिकटवावा, वरून धरायला पट्टी लावावी. आतून पतंगी कागदाची रंगीत नळी बसवली की शोभा येते. यात मेणबत्ती किंवा पणती लावायची नाही, हे प्रत्येक मुलाकडून वदवून घ्यावे. कागदी कंदील टांगण्यासाठी आहे, पेटवण्यासाठी नाही.

चौथी वस्तू ईदीचे पाकीट. दिनदर्शिकेच्या पानाचा चौरस घेऊन तीन कोपरे मध्याशी दुमडावेत आणि चिकटवावेत, चौथा झाकण म्हणून मोकळा सोडावा. हे सर्वांत सोपे आणि सर्वांत उपयोगी. गंमत अशी की आम्ही मुलांना रिकामी पाकिटे घरी नेऊ देत नाही. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घालायची. आजीसाठी असेल तर ‘ईदच्या दिवशी भांडी मी घासीन’, भावासाठी असेल तर ‘माझी सायकल दिवसभर तुझी’. ईदी म्हणजे फक्त मोठ्यांनी लहानांना दिलेली नोट नव्हे, लहानही देऊ शकतात, हे मुलांना येथे समजते.

आणि शेवटी शुभेच्छापत्र. एक घरासाठी, एक दुसऱ्या कोणासाठी, असे मी वर म्हटले. हा दुसरा कोण, ते मुलाने ठरवायचे. मात्र तो नातेवाईक नसावा. मुलांनी पोस्टमनला पत्रे दिली आहेत, एस. टी.च्या कंडक्टरला दिली आहेत, दवाखान्यातल्या नर्सबाईंना दिली आहेत, शाळेच्या शिपाईकाकांना दिली आहेत. एका मुलीने वाण्याला दिले आणि लिहिले, ‘तुम्ही अम्मीला उधार देता म्हणून.’ मजकूर मराठीत, उर्दूत, ज्याला जे येते त्यात असतो. आखातात नोकरीला असलेल्या बापाला पत्र वेळेवर पोहोचत नाही. ती मुले पत्र जपून ठेवतात आणि अब्बा रजेवर आले की हातात देतात. तोवर व्हिडिओ कॉलवर नुसते दाखवतात, वाचून दाखवीत नाहीत.

वेळेबद्दल दोन शब्द. आम्ही साडेचारला सुरू करतो आणि सहाला कात्र्या गोळा करतो. पुष्कळ मुलांना रोजा असतो, काही लहानांना नसतो. ज्यांना नसतो त्यांच्यासाठी पाणी आत ठेवावे, पण खाऊ मध्येच वाटू नये. कोणी रोजा धरला नसेल तर त्यावरून चिडवणे होणार नाही, याकडे लक्ष द्यावे. शेवटचा अर्धा तास साफसफाईचा. चिंधीएवढाही कागद सतरंजीवर राहता कामा नये. मग हातपाय धुऊन, वुजू करून सगळे ओळीने बसतात. मगरिबची अजान झाली की खजूर, फळाचे दोन तुकडे, भजी आणि सरबत. हे जेवणही शाळेतर्फे, सगळ्यांना एकसारखे. डबे आणू दिले तर दुपारी साहित्याच्या बाबतीत मिटवलेला भेद संध्याकाळी पुन्हा ताटात येतो.

काही वडीलधाऱ्यांनी मला विचारले, ‘मास्तर, हे नवे काय काढलेत? रमजान इबादतीचा महिना.’ त्यांच्या शंकेचा मी आदर करतो. यात आम्ही कोणताही नवा विधी काढलेला नाही. ईदचे जे आहे ते आहेच: स्नान, स्वच्छ कपडे, फित्रा, नमाज, गळाभेट. मेळावा ही शाळेची एक दुपार आहे आणि ती नमाजाच्या वेळा सांभाळून होते. उलट उधळपट्टी आपल्या धर्माला मान्य नाही, आणि आज सणाच्या नावावर प्लास्टिकची तोरणे, चमकी आणि तयार सजावट यांवर घरोघर जो पैसा जातो त्याला हा एक उतारा आहे.

दुसरी शंका पालकांची. ‘परीक्षा जवळ आल्या, आणि तुम्ही कागद कापता?’ त्यांना मी डॉ. झाकीर हुसेन यांची आठवण देतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप देण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष झाकीरसाहेब होते. जामिया मिल्लियाचे हे शिक्षक पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. हस्तोद्योग हा अभ्यासातून उरलेल्या वेळेत करायचा विषय नव्हे, त्याच्याच द्वारे गणित, भाषा, विज्ञान शिकवता येते, हे त्या योजनेचे सार. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर शिकावे, असे सुचवले आहे. तेव्हा आपण काही आडवाटेने चाललेलो नाही.

आपल्या शेजाऱ्यांकडेही पाहावे. दिवाळीत आपल्या महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड, माती, पोत्याचे तरट, पेरलेली मोहरी. बहुतेक सामान फुकटचे. आणि किल्ला करताना माती आणणारा मुलगा कोणत्या घरचा, हे कोणी विचारीत नाही. लहानपणी मीही शेजारच्या अंगणात घमेली भरून माती टाकली आहे. ती दिवाळी मला आठवते, कारण ती माझ्या हाताला लागली होती. विकत आणलेला सण पाहायचा असतो, केलेला सण आपला होतो. म्हणून आमच्या मेळाव्याला शेजारची सर्व मुले येतात आणि त्यांनी केलेले कंदील दिवाळीपर्यंत जपून ठेवले जातात.

वाचकहो, या स्मरणिकेत संस्थेच्या इमारतींचे, निकालांचे, देणग्यांचे आकडे आपण वाचाल आणि अभिमान वाटून घ्याल, वाटावाच. पण शिक्षणसंस्था म्हणजे दरवाजे उघडणारी जागा. दाराशी उभा राहून ‘मी आपला बघतो’ म्हणणारे मूल आपल्या संस्थेत, आपल्या मोहल्ल्यात, कदाचित आपल्या नात्यातही आहे. ते स्वतःहून आत येणार नाही. त्याच्याजवळ काय नाही, हे ते सांगणारही नाही; एकाएकी ताप आला म्हणेल. आपण आधी जाऊन त्याच्या हाती कागद ठेवला पाहिजे.

दर वर्षी मेळाव्याच्या सुरुवातीला मी कपाटातून ते जुने पत्र काढतो आणि मुलांना दाखवतो. कोणाचे ते सांगत नाही. ‘ही चांदणी एका सहावीतल्या मुलाने केली, हिच्यासारखी करा,’ एवढेच म्हणतो. आतापर्यंत अनेक मुलांनी तशी केली. तो मुलगा आज जेथे असेल तेथे सुखात असो. येत्या रमजानच्या शेवटच्या रविवारी आपणही एक सतरंजी अंथरा, ही विनंती करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.